ब्याण्णवावी पाटी

बाई चौकात दिसल्या की कोणीतरी हळूच म्हणायचं, "आल्या, ब्याण्णव बाई आल्या." हळूच म्हणजे नाटकातलं हळूच, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत, पिशवी या हातातून त्या हातात घेत आणि वर्तमानपत्राच्या कचेरीच्या पायऱ्या चढत. पाच वर्षं हे असंच चाललं होतं.

बाई मुद्रितशोधक. छापून जाण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची आणि चूक पकडायची, हे त्यांचं काम. छत्तीस वर्षं त्या एकाच खिडकीशी, एकाच खुर्चीवर बसून ते करत आल्या. एकदा एका मोठ्या माणसाच्या निधनाच्या चौकटीत 'हार्दिक अभिनंदन' जुळलं होतं. यंत्र सुरू व्हायला तीन मिनिटं उरली असताना बाईंनी ते पकडलं. थोरले मालक तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही नसता तर उद्या माझीच चौकट छापावी लागली असती."

चुका पकडण्यात आयुष्य गेलेल्या अशा बाईवर चुकीचंच नाव चिकटावं, याला काय म्हणायचं? पण ते चिकटलं होतं, आणि चांगलं पक्कं चिकटलं होतं.

त्याचं असं झालं. कचेरीच्या चौकाकडच्या भिंतीवर एक भलामोठा लाकडी फळा होता. विधानसभेच्या निवडणुकीची मतमोजणी असली की त्या फळ्यापुढे अख्खं शहर उभं राही. फळ्यावर नऊ जिल्ह्यांच्या नऊ ओळी, आणि प्रत्येक ओळीत खिळेच खिळे. विधानसभेच्या जागा एक्क्याण्णव, म्हणून पाट्याही एक्क्याण्णव. एका मतदारसंघाची एक पाटी, तिच्यावर नंबर आणि नाव. निकाल आला की बाई पाटी त्या जिल्ह्याच्या ओळीत टांगत आणि तिच्याखाली पत्र्याची चकती अडकवत. छत्रीवाला जिंकला तर पिवळी, शिडीवाला जिंकला तर निळी, अपक्ष असला तर पांढरी.

या पाट्या बाईंच्या यजमानांनी केलेल्या. ते नाटक कंपनीतले रंगारी. राजवाडे, जंगलं, चांदण्या रात्रीच्या बागा असं सगळं त्यांच्या हातचं. कंपनीला कुलूप लागलं तेव्हा जुन्या सेटचं प्लायवूड ते घरी घेऊन आले आणि त्याचे वीतभर लांबीचे तुकडे पाडले. पुढच्या बाजूला मतदारसंघाचं नाव, आणि मागच्या बाजूला जे असेल ते. कुठे महालाचा अर्धा खांब, कुठे झाडाची फांदी, कुठे नुसतं निळं आभाळ. बाई पाट्या नंबरांनी ओळखत, रंगारी पाठीवरच्या चित्रांनी.

शेवटचा निकाल टांगून झाला की रंगारी पाट्यांची पेटी दोन्ही हातांनी उचलत आणि साऱ्या चौकादेखत उलटी करून दाखवत. पेटी रिकामी, म्हणजे एकही जागा राहिली नाही. मग बाई एक मोठी पाटी टांगत, 'एकूण ९१'. ती खिळ्यावर चढली की टाळ्या पडायच्या. कोण जिंकलं, कोण हरलं, सगळे मिळून टाळ्या वाजवायचे, कारण हिशेब जुळलेला असायचा. वर्षभर खाली मान घालून वाचणाऱ्या बाईंचा रंगमंचावरचा तो एकच प्रवेश. पाच वर्षांतून एकदा, आणि तोही पाठमोरा.

मग मतदारसंघांची नव्यानं आखणी झाली. हद्दी बदलल्या, नावं बदलली, जुन्या पाट्या निकालात निघाल्या. थोरले मालक गेले होते. धाकटे मालक म्हणाले, "आता पाट्याबिट्या नकोत. जिल्ह्यांकडून आकडे येतील ते खडूनं लिहा. झटपट काम." बाईंनी खडूनं लिहिलं. नऊ जिल्ह्यांचे आकडे नऊ ओळींत लिहिले, खाली बेरीज मारली, आणि बेरीज आली ब्याण्णव.

मग गर्दीतून आवाज आला, "अहो बाई, खुर्च्या एक्क्याण्णव! ब्याण्णवावा बसणार कोणाच्या मांडीवर?"

असा हशा उसळला की कबुतरं उडाली. बाईंनी पुन्हा बेरीज केली. ब्याण्णव. तिसऱ्यांदा केली, तरी ब्याण्णव. तोवर धाकट्या मालकांनी फळा पुसून टाकायला सांगितलं होतं आणि जिल्ह्यांची पत्रकं रद्दीत गेली होती. चूक कुठे होती, हे बाईंना कधी कळलंच नाही. छापून आलेली चूक एक वेळ माणूस विसरतो, पण न सापडलेली चूक दातात अडकलेल्या तुसासारखी असते. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते.

त्या दिवशी घरी आल्यावर बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यांनी माळ्यावरून उरलेलं प्लायवूड काढलं.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, इस्त्रीच्या दुकानावर. जमीन कायम कोमट असायची. पुढच्या खोलीत वन्संचं शिवणयंत्र. वन्सं म्हणजे रंगाऱ्यांची धाकटी बहीण, पंधरा वर्षांपूर्वी पाहुणी म्हणून आली ती तिथलीच झाली. कानाशी रेडिओ आणि जिभेवर सुई. मागच्या खोलीत रविवारी पाट्यांचं काम चाले. रंगाऱ्यांचा उजवा हात आता थरथरायचा, म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते अक्षर काढत. एका पाटीला दोन दोन रविवार लागत. बाई सरकारी यादी मांडीवर घेऊन प्रत्येक पाटी तपासत, नंबर आणि नाव तीन तीनदा.

"वहिनी," वन्सं पुढच्या खोलीतून म्हणत, "रात्री कूस बदलली तर कुठला ना कुठला मतदारसंघ टोचतो हो मला."

"कोणता टोचला तेवढं सांगा, त्याचा कोपरा घासून देते."

"आणि टांगणार कुठे एवढ्या? तुमचे मालक फळ्याकडे ढुंकून बघत नाहीत."

बाई पुढची पाटी तपासायला घेत. एकदा मात्र एक पाटी दिसेना. सगळं घर पालथं घातलं, तेव्हा ती वन्संच्या डुगडुगत्या यंत्राच्या पायाखाली सापडली. त्या दिवशी बाई वन्संशी जे बोलल्या, ते इस्त्रीवाल्यानं खाली हात थांबवून ऐकलं.

चार वर्षांत एक्क्याण्णव पाट्या झाल्या. पुन्हा निवडणूक लागली. मतदान झालं. मोजणीला चार दिवस उरले तेव्हा बाई धाकट्या मालकांसमोर उभ्या राहिल्या.

"मालक, या खेपेला पाट्या टांगू द्या. एकदाच."

धाकट्या मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत जन्मलेला होता. "बाई, स्क्रीन येतोय. दहा फूट बाय सहा फूट. जिल्हावार आकडे, रंगीत, आपोआप बेरीज."

"येऊ दे की. मी काय त्याच्या अंगावर खिळे ठोकणार आहे?"

"लोक हसतील. तुम्हाला हसतील. मागचं विसरले नाहीत ते."

"मी तरी कुठे विसरलेय?"

मालकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. लहानपणी याच बाईंनी त्यांना शुद्धलेखन शिकवलं होतं, कान न पिळता. "ठीक आहे. पण आधीच सांगतो. एक जागा जरी इकडची तिकडे झाली तर त्याच दिवशी फळा भंगारात. आणि मग तुम्हीही घरी बसायचं. निवृत्तीचं वय होऊन दोन वर्षं झाली, मी काही बोललो नाही."

"आणि स्क्रीन चुकला तर?"

मालक हसले. "स्क्रीन चुकत नाही, बाई."

मोजणीच्या दिवशी सकाळी आठलाच चौक भरला. डावीकडे स्क्रीन, चकचकीत, त्याच्यापुढे ध्वनिक्षेपक आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोन इंजिनियर. उजवीकडे फळा. रंगाऱ्यांनी पेटी टेबलावर ठेवली, नाटक कंपनीतली कपड्यांची पेटी, पितळी कोपऱ्यांची. बाईंनी पदर खोचला आणि दुघडी शिडीच्या चौथ्या पायरीवर चढल्या.

"आक्षेप!" छत्री पक्षाचा शहराध्यक्ष ओरडला. त्याचं सायकलचं दुकान होतं, सगळे त्याला सायकलवालेच म्हणत. "ब्याण्णव बाई शिडीवर चढल्या! उघड उघड पक्षपात!"

"मग तुम्ही छत्री उघडा," बाई वरून म्हणाल्या, "वारं आलं की तुम्हीही उडत वर याल."

लोक हसले. पण या खेपेला बाईंना हसले नाहीत, बाईंबरोबर हसले. रंगारी पेटीत डोकं घालून मिशीतल्या मिशीत खूश झाले.

निकाल येऊ लागले. जिल्ह्याच्या कचेरीतून पत्रक आलं की एक प्रत इंजिनियरांकडे जाई, एक बाईंकडे. इंजिनियर पत्रकाच्या तळचे आकडे टाकत, की स्क्रीनवर लखकन उजेड पडे. बाई नाव वाचत आणि नंबर सांगत. रंगारी पाटी शोधून देत, बाई टांगत, चकती लावत. स्क्रीनचं काम क्षणाचं, बाईंचं दहा मिनिटांचं. सुरुवातीला सगळ्या माना डावीकडे होत्या. पण आकडा एकदा पाहिला की पाहून होतो. आपल्या गावाची पाटी कुठल्या चकतीसकट चढते, हे बघायला माना हळूहळू उजवीकडे वळायला लागल्या.

"आमचं बघा हो बाई, छप्पन्न नंबर!"

"छप्पन्न अजून पेटीत आहे. धीर धरा, पळून जात नाही."

अकराच्या सुमारास नदीपलीकडच्या जिल्ह्याचं पत्रक आलं. त्यात सत्त्याऐंशी नंबरचा निकाल होता. छत्रीवाला अवघ्या दोनशे मतांनी आला होता. पिवळी चकती. सायकलवाल्यांनी बँडवाल्यांना खूण केली आणि एक तुतारी चुकून आधीच वाजून गेली.

दिवसभर छत्री आणि शिडी यांची अशी रस्सीखेच चालली की चहावाल्याला चहा विकायचं भान राहिलं नाही. बहुमताला शेहेचाळीस हवे होते. दुपारी तीनला आठ जिल्हे पुरे झाले. उरला नदीअलीकडचा जिल्हा. राजधानीतल्या निवडणूक कचेरीचं संकेतस्थळ दुपारपासून नुसतं गोल गोल फिरत होतं, त्यामुळे साऱ्या शहराचा जीव या दोन भिंतींवर टांगलेला होता. रेडिओ कानाला लावून वन्संही गर्दीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सहज आले हो," असं त्यांनी न विचारता चौघांना सांगितलं.

चार वाजता अलीकडच्या जिल्ह्याचं पत्रक आलं. तेरा जागा. इंजिनियरनं आकडे टाकले. स्क्रीन लखलखला. छत्री शेहेचाळीस, शिडी एकेचाळीस, अपक्ष पाच.

शेहेचाळीस! पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. बँड सुरू झाला, टोप्या उडाल्या, सायकलवाल्यांना कोणीतरी खांद्यावर घेतलं. मोठ्या पोटाचा माणूस खांद्यावर जितका वेळ राहू शकतो तितका वेळ ते तिथे राहिले.

बाई मात्र पत्रक वाचत होत्या. एक एक पाटी चढत होती. दहावी. अकरावी. बारावी.

"सत्त्याऐंशी," बाई म्हणाल्या आणि मागे हात केला.

हात रिकामाच राहिला.

"सत्त्याऐंशी, अहो!"

"पेटीत नाही," रंगारी म्हणाले. "पेटीत काहीच नाही. फक्त मोठी पाटी आहे, एक्क्याण्णवाची."

पत्रकात निकाल आहे आणि पेटीत पाटी नाही. म्हणजे घरी राहिली? म्हणजे मोजून, तपासून, चार वर्षं डोळे फोडून पुन्हा एक चुकलीच? बाईंची नजर गर्दीत भिरभिरली.

"वन्सं! यंत्राच्या पायाखाली पाहिलं होतं का?"

"वहिनी, देवाशप्पथ नाही! त्या दिवसापासून मी खाली वहीचा पुठ्ठा घालते!"

धाकटे मालक गर्दीतून वाट काढत आले. "बाई, लोक वाट बघतायत. शेहेचाळीस करा आणि मोकळ्या व्हा. पाटी नसेल तर खडूनं लिहा."

खडूनं. हा शब्द बाईंना सुईसारखा टोचला.

"ब्याण्णव बाई, या खेपेला एक कमी पडली वाटतं!" मागून कोणीतरी ओरडलं. "मागची जास्तीची घरी असेल, ती आणा!"

हशा पिकला. बाई शिडीवर तशाच उभ्या. आणि मग खालून रंगाऱ्यांचा आवाज आला, शांत, जुन्या नाटकवाल्याचा, गलबल्यातूनही पोचणारा.

"अगं, सत्त्याऐंशी म्हणजे चंद्राची का?"

"कसला चंद्र?"

"मागे अर्धा चंद्र आहे ती. बागेच्या प्रवेशातला. तो मला कापताना जिवावर आलं होतं, म्हणून लक्षात आहे. ती तर मी तुला सकाळी अकराला दिली. चंद्र केव्हाचा उगवलाय. तिसऱ्या ओळीत बघ."

बाईंनी मान वर केली. तिसरी ओळ, नदीपलीकडचा जिल्हा, डावीकडून सहावी पाटी. सत्त्याऐंशी. खाली पिवळी चकती.

त्यांनी हातातलं पत्रक पुन्हा वाचलं. अलीकडचा जिल्हा, अनुक्रमांक तेरा, मतदारसंघ सत्त्याऐंशी, छत्री. तोच उमेदवार. तीच मतं, शेवटच्या आकड्यापर्यंत.

छत्तीस वर्षांत अशा कितीतरी क्षणी त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. एकच बातमी दोन पानांवर पडली की असं व्हायचं. त्या खाली उतरल्या नाहीत. त्यांनी सत्त्याऐंशी खिळ्यावरून काढली, मालकांसमोर धरली.

"मालक, ही एक पाटी आहे. मी ती पलीकडच्या जिल्ह्यात टांगली तर अलीकडे राहत नाही, आणि अलीकडे टांगली तर पलीकडे राहत नाही. एक पाटी दोन खिळ्यांवर टांगता येत नाही. तुमच्या स्क्रीननं टांगलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे छत्री पंचेचाळीस. बहुमत नाही."

हे पुढच्या दोन रांगांनी ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं, आणि बँड एक एक वाद्य करत थांबला. ढोलवाला सगळ्यात शेवटी थांबला, कारण त्याला कोणी सांगितलंच नाही.

सायकलवाले पुढे आले. चेहरा लालबुंद. "बाई, पाच वर्षांपूर्वी तुम्हाला बेरीज जमली नाही, आणि आज आमचं सरकार पाडायला निघालात? एवढा मोठा स्क्रीन चुकला आणि तुमची फळकुटं बरोबर?"

"स्क्रीनवरचे तीन आकडे मिळवा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मिळवा ना. तुम्ही रोज चाकाच्या तारा मोजता. शेहेचाळीस, एकेचाळीस आणि पाच."

सायकलवाले बोटांवर मोजत पुटपुटले. अख्खा चौक पुटपुटला. सगळ्यांचं लक्ष दिवसभर सगळ्यात मोठ्या आकड्यावर होतं, बेरीज कोणी केलीच नव्हती.

"ब्याण्णव," कोणीतरी म्हणालं, आणि हशा आला नाही.

धाकटे मालक इंजिनियरांकडे बघत होते आणि इंजिनियर स्क्रीनकडे. बाईंनी मालकांना म्हटलं, "अलीकडच्या जिल्ह्याच्या माहिती अधिकाऱ्याला फोन लावा. आणि फोन ध्वनिक्षेपकापाशी धरा. मला एकटीला ऐकायचं नाही. सगळ्यांनी ऐकू दे."

मालकांनी मुकाट्यानं फोन लावला. वर्गात उत्तर चुकलेला मुलगा फळ्यापाशी जातो, तसे ते ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि तो उचलून शिडीपाशी घेऊन आले.

"साहेब, मी वर्तमानपत्रातून मुद्रितशोधक बोलते," बाई म्हणाल्या. आवाज अगदी कामाचा, जशा त्या छापखान्यात चूक सांगत. "तुमच्या पत्रकात तेरावं नाव सत्त्याऐंशी नंबरचं आहे. त्याची मोजणी तुमच्याकडे झाली का?"

"नाही, नाही," अधिकाऱ्याचा दमलेला आवाज चौकभर घुमला. "मोजणी नदीपलीकडे. पण नव्या आखणीत त्या मतदारसंघातली साठ गावं आमच्याकडची आहेत ना. मग आमच्या लोकांनी काय घोडं मारलंय? म्हणून आम्ही नाव आमच्याही यादीत घालतो."

"आणि बेरजेतही धरता?"

"ते... यादीत आहे म्हटल्यावर बेरजेत येतंच की."

बाईंनी ओठ ओले केले. पुढचा प्रश्न त्यांनी पाच वर्षं पोटात ठेवला होता. फक्त कोणाला विचारायचा, ते माहीत नव्हतं.

"मागच्या निवडणुकीतही घातलं होतं?"

"हो तर. मागच्या खेपेपासूनच घालतोय. का हो? काही घोटाळा झाला का?"

बाईंनी शिडीचा दांडा धरला आणि डोळे मिटले. मागून एक बारीक, चिरका, रडवेला आवाज आला. वन्संचा.

"ऐकलंत ना रे मेल्यांनो? ऐकलंत ना? माझ्या वहिनीची बेरीज बरोबर होती! चूक तुमच्या त्या साठ गावांची होती!"

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आधी चहावाल्याच्या. मग शिडीवाल्यांच्या, त्यांच्या तर आनंदालाही कारण होतं. मग अशा लोकांच्या, ज्यांचा यात काडीचा संबंध नव्हता. पाच वर्षांपूर्वी 'मांडीवर' म्हणून ओरडलेला माणूसही त्यात असणार, कारण एक जण सगळ्यांपेक्षा जोरात वाजवत होता आणि वर बघत नव्हता.

पाच वाजून दहा मिनिटांनी वन्संनी रेडिओ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. राजधानीतून अधिकृत निकाल आला. छत्री पंचेचाळीस, शिडी एकेचाळीस, अपक्ष पाच. एकूण एक्क्याण्णव. त्या क्षणी पाच अपक्षांच्या घरचे फोन एकदम वाजायला लागले असतील, पण ती गोष्ट वेगळी.

सायकलवाले शिडीजवळ आले. त्यांचा चेहरा आता उतरला होता, पण माणूस दिलदार. "बाई, गावभर मिरवून आलो असतो आणि मग हा निकाल ऐकला असता. तोंड दाखवायला जागा राहिली नसती. वाचवलंत."

"मग बँडवाल्यांना थांबवून ठेवा," बाई म्हणाल्या. "अजून एक पाटी राहिलीय."

त्यांनी चंद्राची पाटी पुन्हा तिसऱ्या ओळीत, तिच्या एकाच खिळ्यावर टांगली. खाली रंगाऱ्यांनी 'एकूण ९१'ची पाटी बाजूला काढून ठेवली, पेटी दोन्ही हातांनी धरली, उचलली. हात थरथरत होते. धाकटे मालक धावले आणि पेटीची दुसरी कडी त्यांनी धरली. दोघांनी मिळून ती सगळ्या चौकासमोर उलटी केली. रिकामी. कोपऱ्यातून जुन्या चमकीचे दोन कण तेवढे पडले, कुठल्या तरी राजाच्या अंगरख्यावरचे.

मग मालकांनी मोठी पाटी स्वतः उचलून बाईंच्या हातात दिली. "बाई," ते हळूच म्हणाले, "पुढच्या खेपेला स्क्रीनवाल्यांना म्हणतो, आधी फळा बघा आणि मग आकडा टाका."

"त्यांना बेरीज शिकवायला मी असेन ना कचेरीत?"

"नसाल तर मी कोणाला विचारू?"

बाईंनी पाटी खिळ्यावर चढवली. एकूण ९१. सरळ आहे का बघितलं, डावीकडून केसभर वर केली. बँड वाजला, तोच बँड, तेच विजयाचं गाणं, सायकलवाल्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं.

बाई खाली उतरायला वळल्या, पण चौक हलेना. लोक टाळ्या वाजवतच राहिले. बाई गोंधळल्या. आजवर या फळ्यापुढे त्या कायम पाठमोऱ्या उभ्या राहिल्या होत्या.

"अहो, हे थांबत का नाहीत?"

"अगं, अभिवादन केल्याशिवाय प्रेक्षक उठत नाहीत," खालून रंगारी म्हणाले. "वाक जरा. आणि घाई करू नकोस."

बाई चौथ्या पायरीवर नीट वळल्या, खोचलेला पदर सोडला, सारखा केला आणि वाकल्या.